आचार्यांच्या हातातली हातोडी

पूर्वी हिमवंताच्या कुशीतल्या चंद्रसर नगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बर्फावरच्या नृत्याचे आचार्य होते. हिवाळ्यात तिथलं सरोवर गोठे. जोड्यांखाली हाडाची पाती बांधून मुलं त्यावर नाचत. हिमोत्सवात ज्याची शिष्या राजाच्या मनात भरे, तो राजाचार्य होई.

बोधिसत्त्वांची सर्वांत गुणी शिष्या रोहिता. ती एके दिवशी न सांगताच पलीकडच्या तीरावरच्या आचार्य कुंडलांकडे शिकायला गेली.

झालं! ज्येष्ठांची सभा बसली. त्यांतल्या एकानेही कित्येक हिवाळ्यांत बर्फावर पाय ठेवला नव्हता, पण नियम सगळे तोंडपाठ. न विचारता गुरू बदलला तर शिष्याची पाती गुरूने फोडायची, असा नियम. उत्सवाच्या सकाळी त्यांनी रोहितेला सरोवरावर उभं केलं आणि हातोडी बोधिसत्त्वांच्या हाती दिली.

"फोडा, आचार्य," सभाप्रमुख म्हणाला. "मग तुमची दुसरी शिष्या जिंकलीच म्हणून समजा."

"आमच्या काळी गुरू सोडून कुणी जात नसे," दुसरा म्हातारा करवादला.

"तुमच्या काळी शिकवणारा एकच होता, आजोबा," रोहिता म्हणाली. "जाणार कुठे?"

बोधिसत्त्वांनी विचारलं, "पोरी, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

बोधिसत्त्व म्हणाले, "नसतं."

तेवढ्यात त्यांना तिचा सोललेला गुडघा दिसला. "पडतेस?"

"उडीवरून उतरताना. रोज."

"का पडते तेच कळत नाही," बाजूला उभे असलेले कुंडल मान खाली घालून म्हणाले.

बोधिसत्त्वांना कळलं. तिचा उजवा पाय आत कलतो, म्हणून ते लहानपणापासून तिचं पातं एका अंगाने घासून देत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुंडलांकडची नवी पाती सरळ होती.

त्यांनी हातोडी बाजूला ठेवली, बर्फावर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि कमरेचा पाती घासायचा दगड काढला.

"अहो, गुरू असून शिष्येचा पाय धरता!" सभा ओरडली.

"कुंडल, इकडे या," बोधिसत्त्व म्हणाले. "किती घासायचं ते बघून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात हे तुम्हाला करायचं आहे."

मग रोहिता निघाली. तिच्या पात्यांखाली सगळं सरोवर गुणगुणू लागलं. शिखरामागून सूर्य वर आला त्याच क्षणी तिने उडी घेतली. ती हवेत होती तेवढा वेळ कुणी श्वास घेतला नाही, वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. ती उतरली तेव्हा आवाज झाला नाही. बर्फावर फक्त एक रेघ उमटली, लांब आणि स्वच्छ. राजा आसनावरून उठला आणि हात जोडून उभाच राहिला. सरोवर वितळेपर्यंत ती रेघ कुणी ओलांडली नाही.

राजाचार्यपद कुंडलांना मिळालं. बोधिसत्त्व आपल्या तीरावर परतले आणि उरलेल्या मुलांना शिकवू लागले.

जेतवनात एका तरुण भिक्षुणीने आचार्या बदलली आणि काही थोरांनी तिचं भिक्षापात्र हिसकावून घ्या म्हणून गलका केला, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळची रोहिता म्हणजे ही भिक्षुणी. कुंडल म्हणजे तिची नवी आचार्या. बर्फावर बसलेला तो आचार्य मी. सभेतले ज्येष्ठ कोण होते, ते मी सांगत नाही. ते आत्ता माना खाली घालून इथेच बसले आहेत. जो आपल्याला सोडून गेला त्याचंही पाऊल सावरावं. हीच मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता."