थेंबभर तेल

"पण चाचा, मी हिच्या सेवेत काय कमी केलं?"

धैर्यशीलने छऱ्याची बंदूक बाकड्यावर ठेवली. अमीनचाचा शिकलगार एका शिंपिणीच्या कात्रीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कमी कोण म्हणतंय?"

धैर्यशील म्हणजे नेमबाजीत गेल्या वर्षीचा जिल्ह्यातला पहिला नंबर. फलटणच्या त्या अरुंद बोळातही तो गळ्यात पदक असल्यासारखा चालत असे. आज मात्र त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. उद्या सकाळी राज्याच्या संघाची निवड होती. जागा एकच उरलेली, आणि बंदूक आठ दिवस ऐकत नव्हती. एक छर्रा वर, एक खाली, एक कुठे गेला ते त्या छऱ्यालाच ठाऊक.

आणि बंदूक तरी कुणाची? चाचांचीच. जत्रेत फुगे फोडायचा त्यांचा तंबू होता, तेव्हाची. तिच्यावरच धैर्यशील नेम धरायला शिकला. तंबू मोडला त्या दिवशी चाचांनी ती त्याच्या हातात ठेवली आणि पुन्हा त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

"स्प्रिंग गेली असेल," तो म्हणाला. "नवी टाका. चांगली कडक."

"तेल किती घातलंस?"

धैर्यशीलची छाती जराशी फुगली. खंडेनवमीला त्याने बंदूक पूजेत मांडली होती. झेंडूचा हार, हळदकुंकू आणि तेल. तेलात तर त्याने मुळीच हात आखडता घेतला नव्हता.

"पोटभर घातलं, चाचा. तिच्यामुळंच पदक मिळालं ना मला. आणि लगेच गुण आला बघा! असा बार व्हायला लागला की गल्लीतली कुत्री पळाली. नळीतून धूरसुद्धा निघाला."

"धूर..."

चाचांनी कात्री खाली ठेवली.

त्यांनी बंदूक शिकंज्यात धरून बेताबेताने उघडली. स्प्रिंग बाहेर काढली, उन्हात धरली आणि तिच्यावरून मायेने बोट फिरवलं.

"ही ठणठणीत हाय."

मग आतला दट्ट्या काढला. त्याच्या टोकाला चामड्याचा वायसर होता. चाचांनी तो चिमटीत धरून दाबला.

तेल टपटप फरशीवर पडलं.

"दट्ट्यानं हवा दाबायची, हवेनं छर्रा ढकलायचा. एवढंच हिचं काम," चाचा म्हणाले. "तू आत तेल भरलंस. ते पेटतंय. कधी जास्त, कधी कमी. मग छऱ्यानं काय करावं?"

"मी प्रेमानं घातलं हो..."

"ठाव हाय मला."

तासभर ते नुसते पुसत राहिले. आधी फडक्याने, मग काडीला गुंडाळलेल्या चिंधीने. धैर्यशील दोनदा घड्याळाकडे बघून चुळबुळला. शेवटी चाचांनी सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेतला आणि वायसरला लावला.

"एकच?"

चाचांनी बाटलीला बूच लावलं.

दुकानामागच्या परसात दहा मीटरवर भुशाचं पोतं टांगलेलं होतं. त्यावर कागद लावून धैर्यशीलने पाच छर्रे मारले. धूर नाही, दणका नाही. भोकंही जरा जवळ आली होती. पण निवडीला पुरतील इतकी नव्हेत.

त्याची पाचावर धारण बसली.

"चाचा, अजून बिघाड आहे हिच्यात."

"हिच्यात न्हाई."

चाचा पुढे आले. बंदुकीखालच्या त्याच्या मुठीकडे त्यांनी बघितलं. बोटं आवळून पांढरी पडली होती. चाचांनी ती एकेक करून सोडवली, तळहात उघडा केला आणि बंदूक नुसती त्यावर टेकवली.

"स्प्रिंग सुटली की ही उडनार. त्यो तिचा स्वभाव हाय. उडू दे."

"उडाली तर नेम जाईल ना!"

"न्हाई जायचा. सोडलीस तर दरवेळी सारखीच उडंल. तू अडवतोस... आन् दरवेळी वेगळा अडवतोस."

धैर्यशीलने श्वास सोडला आणि चाप ओढला. बंदूक तळहातावर उसळली. त्याने उसळू दिली. असे पाच छर्रे गेले.

चाचा कागद बघायला गेले नाहीत. धैर्यशील धावत गेला.

पाचही भोकं एकमेकांत मिसळली होती. शर्टाच्या एका बटणाखाली झाकली गेली असती.

तो कागद हातात घेऊन उभाच राहिला. त्याला भडभडून आलं. या माणसाने आपल्याला नेम दिला, बंदूक दिली, आज दोन्ही पुन्हा दिलं. आणि आपण आल्याआल्या काय केलं, तर नवी स्प्रिंग मागितली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहूनही जास्त, आपण फार नशीबवान आहोत असं वाटलं.

तो परत आला आणि त्याने चाचांच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन्ही हातांनी पाय धरले.

"चाचा, तुमचे उपकार मी... उद्या तेवढे माझ्या मागं उभे राहा. तुम्ही नसलात तर माझ्याच्यानं व्हायचं नाही. येतो म्हणा. म्हटल्याशिवाय मी सोडणार नाही."

चाचांचा हात धैर्यशीलच्या केसांवर होता. इतका हलका, की ठेवलाय की नाही तेही कळू नये. त्यांचेही डोळे भरले होते.

मग त्यांनी खाली आपल्या घोट्यांकडे पाहिलं. त्याची बोटं पांढरी पडली होती.

"बघ," ते म्हणाले, "परत घट्ट धरलंस."