जेलमध्ये एकच बँड

एका गावात एक भोळा कॉम्प्युटरवाला होता. नाव केरबा. कॉम्प्युटर सांगाल तेवढंच करतो, आणि त्याच्याशेजारी बसून बसून केरबाचंही तसंच झालं होतं. पोरगं मनानं सोनं. पण देव अक्कल वाटत होता तेव्हा हे बहुतेक चार्जिंगला लावलेलं होतं.

केरबाचं वैजूशी लग्न ठरलं, मुहूर्तही निघाला. वैजूचे वडील दौलतमामा म्हणाले, "कॉम्प्युटरवाले आता गल्लोगल्ली झालेत. तू ते डीएनएचं शीक, तुला डेअरीच्या लॅबमधी चिकटवतो. पास झालास तर अक्षता, न्हाईतर रामराम."

केरबाचा वैजूवर फार जीव. त्यानं लगेच ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. पुण्याच्या गुर्जरबाई पडद्यावरून शिकवायच्या.

पहिला धडा, कांद्यातून डीएनए काढणे. केरबानं कांदा कालवायला हाताला आली ती वाटी घेतली.

"हे लाल काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"सकाळची लसणाची चटणी, बाई."

"अरे, जे वापरायचं ते आधी उकळून घ्यावं!"

"बरं बाई. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या धड्यात दह्यातले जिवाणू वाढवायचे होते. केरबानं आईचं विरजण घेतलं आणि खळखळून उकळलं. मग दुधात घातलं. दूध होतं तसंच राहिलं.

"मुडद्या, विरजण उकळतात व्हय?" आई ओरडली.

बाईंनी डोक्याला हात लावला. "केरबा, जिवाणू मेले की रे! जिवंत असेल ते उकळायचं नाही. उबेला झाकून ठेवायचं आणि घट्ट होईपर्यंत हलू द्यायचं नाही."

"बरं बाई. आता चुकायचं नाही."

तेवढ्यात दौलतमामा जावयाचा अभ्यास बघायला आले. केरबानं त्यांना नीट न्याहाळलं. मामा जिवंत होते. त्यानं त्यांना चुलीपाशी बसवलं, दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि वर स्वतः बसला.

"अरं, सोड की! घाम फुटला मला!"

"हलू नका मामा. अजून घट्ट झाला नाहीत."

आईनं धावत येऊन मामांना सोडवलं. मामा लालबुंद झाले होते. "दारात कुणी आलं तर गरम चहा पाजावा, एवढी रीत ठाऊक न्हाई तुला?"

"बरं मामा. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दारात कुरियर आलं. बाईंनी बर्फात घालून एन्झाइमची कुपी पाठवली होती. डीएनएचे तुकडे करणारं हे नाजूक प्रथिन, गरम झालं की कामातून गेलं. केरबाला त्याची फार दया आली. एवढ्या लांबून आलंय, तेही बर्फात बसून! त्यानं कुपी उघडली आणि आल्याचा कडक चहा ओतला.

हे पडद्यावर पाहून बाईंनी कॅमेराच बंद केला. केरबाला वाटलं, नेटवर्क गेलं.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "केरबा, काम चालू असताना बाहेरचं काहीही आत येऊ द्यायचं नाही. काहीही! आता शेवटची संधी. उद्या तालुक्याला जा. तिथं सगळी सोय आहे. जेल चालव आणि फोटो पाठव. जेलमध्ये एकच बँड दिसला तर पास. दोन दिसले तर नापास."

आता शास्त्रात जेलीसारख्या वडीला जेल म्हणतात, तिच्यातून विजेनं डीएनए सरकवणं म्हणजे जेल चालवणं, आणि तिच्यात डीएनएची जी रेघ उमटते तिला बँड. केरबाला मात्र तालुक्यात जेल एकच ठाऊक होतं, आणि बँड तर दारातच उभा होता. कारण उद्या त्याचं लग्न होतं.

सकाळी हळद लागलेला, बाशिंग बांधलेला नवरदेव बँड घेऊन तुरुंगाच्या दारात हजर झाला.

"जेल चालवायला आलोय," तो म्हणाला.

"मग मी काय करू?" जेलर म्हणाले.

"तुम्ही बसा निवांत."

कैद्यांच्या करमणुकीसाठी कुणीतरी पाठवलं असेल, असं समजून जेलरनी त्यांना आत घेतलं. बँड दणक्यात सुरू झाला. कैदी नाचायला लागले. केरबानं फोटो काढला. एकच बँड, अगदी स्पष्ट! आपण पास झालो, वैजू आपली झाली, म्हणून केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

इकडे मांडवात नवरा नाही, त्याचा बँडही नाही. मुहूर्त टळायला आला. कुणीतरी सांगितलं, नवरा जेलात आहे. दौलतमामा घाबरले. काही झालं तरी पोरीचं लग्न लागलंच पाहिजे, म्हणून त्यांनी भटजी घेतले, वैजू घेतली, अक्षतांचं ताट घेतलं आणि सगळं वऱ्हाड वाजतगाजत तुरुंगाकडे निघालं. वाजतगाजत, कारण नवरीकडचा बँड वेगळा होता.

"केरबा!" मामांनी फाटकातून हाक मारली. "पास-नापास गेलं चुलीत! पोरगी आणलीया, माळ घाल!"

केरबानं वैजूकडे पाहिलं. मग तिच्यामागचा बँड पाहिला. तो धावत सुटला, धाडकन फाटक लावलं आणि आतून कडी घातली.

मग हुश्श करून त्यानं बाईंना फोटो पाठवला. खाली लिहिलं, "बाई, एकच बँड. दुसरा आत शिरत होता, नवरीसकट हाकलून दिला."