हात न लावण्याची दुपार

एकदा एका म्हाताऱ्या शर्यतीच्या गाडीने एका हुशार शिष्येला पुरतं जेरीस आणलं, त्याची ही गोष्ट.

शिष्येचं नाव सुलक्षणा. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ती कोल्हापुरात बाबालाल वस्तादांच्या हाताखाली जुन्या गाड्यांचं काम शिकत होती. गुळाचे व्यापारी भूपालशेठ यांनी वडिलांची शर्यतीची गाडी वस्तादांकडे आणली आणि वस्तादांनी ती सबंध सुलक्षणावर सोपवली. तिची ही पहिलीच गाडी. रविवारी जुन्या गाड्यांची शर्यत होती आणि सत्तरीतले शेठ स्वतः चालवणार होते. मात्र त्यांनी बजावलं होतं, "या खेपेला धावली तर ठीक. नाहीतर संग्रहालयात देऊन टाकतो. गाडी ढकलायचं माझं वय राहिलं नाही."

गाडी दिसायला नवरीसारखी. सुलक्षणाने तिचं सगळं पितळ पॉलिश लावून लखलखीत केलेलं. पण पाच-सहा किलोमीटर गेली की आचके देऊन बंद. मग सुलक्षणा आधी टाकीत डोकावून पेट्रोल पाहायची, नंतर एखादा पार्ट बदलायची. गाडी लगेच सुरू व्हायची, बाईसाहेबांची कळी खुलायची, आणि पुढच्या पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा तेच. प्लग झाले, पंप झाला, कार्बोरेटर झाला. शुक्रवारी तिला रडू कोसळलं.

"वस्ताद, आता बदलायला काही उरलंच नाही."

"बरं झालं," वस्ताद म्हणाले. त्यांनी तिची हत्यारांची पेटी ओढली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "डबा घे, गाडी काढ. बंद पडली की कशाला म्हणून हात लावायचा नाही. गुमान जेवायचं."

सुलक्षणाचं डोकंच फिरलं. शर्यत परवावर आली आणि म्हाताऱ्याला सहल सुचतेय. पण वस्तादांचा शब्द मोडायची तिची टाप नव्हती. सहाव्या किलोमीटरला गाडी थांबली. दोघं चिंचेखाली बसून भाकरी-पिठलं जेवले. वस्तादांनी तर सावकाश काकडीही सोलली. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "आता बघ सुरू करून."

गाडी एका दमात सुरू झाली.

"मी तर काहीच केलं नाही," सुलक्षणा चक्रावली.

"म्हणून अर्धा तास लागला. एरवी लगेच सुरू व्हायची. एरवी काय करत होतीस?"

"पार्ट बदलत होते."

"आणि त्याआधी?"

ती टाकीकडे बघत हळूच म्हणाली, "टाकीचं झाकण उघडत होते."

पुढच्या खेपेला गाडी थांबताच तिने फक्त झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी तत्काळ गुरगुरली. पितळी झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. पेट्रोल खर्च होईल तशी त्यातून हवा आत यायची. आता तिथे वाळलेलं पॉलिश बसलं होतं, सुलक्षणाच्याच हातचं. बिचाऱ्या टाकीचा श्वास कोंडून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं; झाकण न उघडता हवा आत झिरपायला अर्धा तास लागायचा. सुलक्षणा आधी ओशाळली, मग पोट धरधरून हसली. वस्तादही हसले.

"पोरी, दर वेळी तू दोन कामं केलीस. एक मोठं, घाम काढणारं. एक छोटं, नकळत झालेलं. गुण आला छोट्याचा आणि श्रेय दिलंस मोठ्याला. म्हणून आज तुझे हात बांधले. आपण काय काय करतो, ते थांबल्याशिवाय दिसत नाही."

रविवारी भूपालशेठ पाचवे आले, पण उतरले ते पहिले आल्याच्या थाटात. संग्रहालयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "नेमकं काय केलंस गं?"

नवा कार्बोरेटर, नवा पंप, सांगायला पुष्कळ होतं.

"मीच बुजवलेलं एक छिद्र मोकळं केलं, शेठ," सुलक्षणा म्हणाली.

मागे उभ्या वस्तादांनी खिशातून पेटीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.