रडलं कोण?

माझं बोलणं कुणी खरं मानेना. म्हणे, भूल दिलेल्या बाईला काय कळतं? अहो, भूल कमरेखाली होती, कान उघडेच होते. माझ्या ऑपरेशनात जास्त रक्त गेलं, त्याचा ठपका सर्जरी शिकणाऱ्या आश्लेषावर आला. पोरीचं शिक्षण सुटायची वेळ. तिचे सर म्हणाले, "मी शेजारी उभा राहून शिकवत होतो, हिनंच ऐकलं नाही."

चौकशीत डीनसाहेबांसमोर मी सरांना हात जोडले. "मी रडत होते तेव्हा डोक्यावर हात ठेवलात, उपकार झाले."

सर फुलले. "अहो मावशी, पेशंटला धीर देणं माझं कामच."

"मी कुठं रडले? रडत होती ही पोर, 'सरांना बोलवा' म्हणत. तुम्ही आलातच नाही."

आश्लेषा त्याच दिवशी वॉर्डात परतली. ठपका बसला त्या सरांचं नाव डॉक्टर श्रीरंग खांबेटे.