द्वारपालाचे उत्तर

मी, हरिश्चंद्र भिकाजी खानविलकर, वय वर्षे एक्क्याऐंशी. शाळा लवकर सुटली. वाचन सुटले नाही. मॉर्मन नावाच्या दूरदेशीच्या पंथात काही सभासदांना शंका येतात, काही पंथ सोडून जातात आणि त्यांच्याशी कसे वागावे हा तेथील वडीलधाऱ्यांपुढे मोठा पेच असतो, असे अलीकडे वाचनात आले. त्यावरून सुचलेली ही कथा लहानथोरांनी सारख्याच लक्षाने ऐकावी. कथेतील खोरे मात्र नकाशात शोधू नये.

फार पूर्वी, मिठाच्या ओसाड मैदानापलीकडे, डोंगरांनी वेढलेले एक खोरे होते. तेथे एक पंथ नांदत होता. पंथाचा मूळपुरुष आपल्या अनुयायांसह ते मैदान पायी ओलांडून आला होता. "या भूमीवर आमच्याआधी मनुष्याचे पाऊल पडलेले नाही, ती आमच्यासाठीच राखून ठेवलेली होती," असे तो सांगून गेला, आणि लोक ते पिढ्यान्‌पिढ्या मानत आले.

लोक कष्टाळू होते, प्रेमळ होते. कोणाचे छप्पर उडाले, तर शेजारी न बोलावता शिड्या घेऊन येत. कोणी आजारी पडले, तर त्या घरात चूल पेटवण्याची वेळ येत नसे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून कोणी त्यांना दुष्ट समजेल. ते दुष्ट नव्हते.

गावात पंथाचे मंदिर होते आणि मंदिरात एक आतले दालन होते. विवाह तेथेच होत. पंथप्रमुख वधूवरांच्या ओंजळीवर स्वतःच्या हाताने पाणी सोडीत. तो विवाह पाहणारे सारे कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहते आणि जो दाराबाहेर राहिला तो कायमचा बाहेर राहतो, अशी श्रद्धा होती.

दालनाच्या दारात एक द्वारपाल उभा असे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारी: "तुला ठाऊक आहे?" मूळपुरुषाचे प्रत्येक वचन सत्य आहे हे ठाऊक आहे का, असा त्याचा अर्थ. "मला ठाऊक आहे," एवढेच उत्तर चाले. "मला वाटते" चालत नसे. "मी मानतो" हेही चालत नसे.

आपली कथा या द्वारपालाची आहे. त्याचे अर्धे आयुष्य त्या उंबरठ्याशी गेले होते. तो गंभीर, सरळ व थोडासा हट्टी होता.

एकदा गोठ्याचा पाया खणताना त्याची कुदळ दगडाला लागली. माती उकरल्यावर खाली एका जुन्या जात्याची तळी निघाली. तिच्याशेजारी खापरे होती, विझलेल्या चुलीची राख होती. वरची माती इतकी घट्ट बसली होती, की हे सर्व मूळपुरुषाच्या आगमनाच्या कितीतरी आधीचे, हे उघड होते. येथे कोणीतरी दळले होते, रांधले होते, जेवले होते.

द्वारपाल जात्याची तळी घेऊन वडीलमंडळाकडे गेला. मंडळात पंथातले चार जाणते पुरुष होते.

पहिला म्हणाला, "होते तेथे पुरून टाक. गोठा दुसरीकडे बांध."

दुसरा म्हणाला, "मनात पाप असल्याशिवाय शंका येत नाही. काय केलेस ते आधी सांग."

तिसरा म्हणाला, "मूळपुरुषावर शंका घेतोस, तशी आपल्या शंकेवरही घेऊन पाहा."

"घेतली," द्वारपाल म्हणाला. "तिच्यावरही घेतली. दगड तेवढाच जड राहिला."

चौथा तेथून उठला. घरी जाऊन त्याने आपल्या मुलांना द्वारपालाच्या अंगणात खेळण्यास मनाई केली.

द्वारपालाने दुसऱ्याच दिवशी दाराची किल्ली परत केली. जे स्वतःला म्हणता येत नाही, ते दुसऱ्यांकडून कसे वदवून घ्यावे, असे त्याला वाटले. पण पेच पुढेच होता. त्याच्या एकुलत्या एक मुलीचा विवाह ठरला होता. विवाह आतल्या दालनात होणार होता, आणि बापाला आत जायचे तर त्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते.

"बाबा, तीन शब्द तर आहेत," मुलगी म्हणाली. "माझ्यासाठी तीन शब्द जड झाले का?"

"शब्द जड नाहीत, बाळ. ते खोटे आहेत. माझ्या तोंडी."

"गावाकडून आयुष्यभर तेच म्हणवून घेतलेत," त्याची पत्नी शेगडीवरून मान वर न करता म्हणाली. "आता स्वतःवर आले, तर सत्य आठवले होय? आणि ती तळी तेवढी माझ्या वाटेतून उचला. सकाळपासून दोनदा ठेचकाळले मी."

त्याने तळी उचलून भिंतीशी ठेवली. मुलगी मात्र रडत आत निघून गेली.

विवाह जवळ आला, तेव्हा पंथप्रमुख स्वतः द्वारपालाच्या घरी आले. ते फार वृद्ध होते. सर्व गाव त्यांना थोरले आबा म्हणे. त्यांनी पाणी मागून घेतले, तळीकडे एकवार पाहिले आणि बसले.

"त्या दगडाविषयी मला काय वाटते ते विचारू नकोस," आबा म्हणाले. "मी पोरीसाठी आलो आहे. नुसते म्हणून टाक. मूळपुरुष दयाळू होते, ते रागावणार नाहीत."

"आबा, मी इतकी वर्षे दारात उभा होतो. उत्तर देताना माणसे माझ्या डोळ्यांत पाहतात, नाहीतर आपल्या पायांकडे पाहतात. पायांकडे पाहणारे पुष्कळ होते. मी त्यांना आत सोडले, कारण मला शब्द तेवढे ऐकायचे होते. त्या दाराने खोटे बोलणाऱ्याला कधीच अडवले नाही. आता प्रथमच ते कोणाला अडवते आहे."

"पायांकडे पाहणारे कोण कोण होते?"

"ते मी सांगणार नाही."

आबांनी भांड्यातल्या पाण्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी?"

"एकदाच," द्वारपाल म्हणाला. "तुमच्या घरच्या आजी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आबांनी हातातले पाणी संपवले. भांडे पालथे घातले आणि काठी टेकत निघून गेले.

विवाहाच्या सकाळी नवा द्वारपाल दारात उभा राहिला. तो तरुण होता आणि प्रत्येक शब्द फार स्पष्ट उच्चारीत होता. पाहुणे वहाणा काढून एकामागून एक आत जाऊ लागले. मुलगी आत गेली. पत्नीही गेली, जाताना तिने नवऱ्याच्या खांद्यावरचे उपरणे नीट केले, पण त्याच्याकडे पाहिले नाही. आपला द्वारपाल मंदिराच्या अंगणातील आवळीच्या झाडाखाली उभा राहिला.

"बरे झाले तुम्ही बाहेर आहात," शेजारीण जाता जाता म्हणाली. "आमच्या वहाणांकडे लक्ष ठेवा."

"ठेवतो, वहिनी. तुमच्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटत आला आहे. परतताना जपून चाला."

ती हसली, मग ओशाळली आणि घाईने आत गेली.

सर्वांच्या शेवटी थोरले आबा आले. नव्या द्वारपालाने त्यांनाही विचारले, "तुम्हांला ठाऊक आहे?"

आबांनी उत्तर दिले नाही. ते वळले, सावकाश अंगणात आले आणि आपल्या जुन्या द्वारपालाशेजारी जमिनीवर बसले. आत सारे वाट पाहत राहिले. शेवटी वडीलमंडळातला दुसरा तातडीने बाहेर आला.

"आबा, वेळ टळते आहे. आत चला."

"पाणी सोडणारा हात येथे आहे," आबा म्हणाले. "ज्यांना ते हवे आहे, त्यांना येथे येऊ दे."

"पण विवाह दालनाबाहेर कसा होईल? आणि या माणसाने बाहेर राहणे स्वतःच पत्करले आहे."

"त्याने खोटे न बोलणे पत्करले आहे. बाहेर आपण ठेवले आहे त्याला. तू त्याला पाप विचारलेस. मी त्याला खोटे बोलायला सांगितले. दोघांत अधिक मोठी चूक कोणाची, ते मला विचारू नकोस. मला ते ठाऊक आहे."

तो वडील आत गेला आणि परत बाहेर आला नाही. दालनात कुजबुज वाढली. मग दारात मुलगी दिसली. हळदीच्या वस्त्रात, डोळे सुजलेले. तिच्यामागे नवरा मुलगा होता.

"बाबा, तुम्ही फार हट्टी आहात," ती म्हणाली.

"आहे," बाप म्हणाला.

"मेल्यावर तुम्ही कुठे असाल आणि मी कुठे, मला कोण सांगणार आता?"

"ते मला सांगता येत नाही, बाळ. आज मी येथे आहे."

ती क्षणभर उभी राहिली. मग आवळीखाली येऊन बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. नवऱ्या मुलाने तिच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली. आबांनी पाणी सोडले. निम्मे जमिनीवर सांडले. आई बाहेर आली, तिच्यामागे शेजारीण आली आणि हळूहळू बहुतेक सारे पाहुणे आले. काही आले नाहीत. ते आत बसून राहिले आणि पुढे वर्षानुवर्षे तो विवाह त्यांनी विवाह मानला नाही.

आपला द्वारपाल पंथात परतला असे कोणी समजू नये. तो परतला नाही. पुढील महिन्यांत पायांकडे पाहून उत्तर देणाऱ्यांपैकी काहींनी "आम्हांला ठाऊक नाही" असे उघड सांगितले. त्यांतले काही पंथात राहिले, काही गेले. गेलेल्यांना निरोप देण्यास आबा स्वतः वेशीपर्यंत चालत जात आणि म्हणत, "घरच्यांना भेटायला येत जा." वडीलमंडळाने भाकीत केले, की पंथ मोडेल. तो मोडला नाही. थोडा लहान झाला. उत्तरे मात्र पूर्वीपेक्षा मोकळी येऊ लागली, आणि ज्यांना खरोखर ठाऊक होते त्यांच्या शब्दाला प्रथमच वजन आले.

बोध असा: शंका घेणाऱ्याला दाराबाहेर ठेवणारे घर आधी आपली प्रामाणिक माणसे गमावते.

त्या खोऱ्यात पुढे आतले दालन केवळ प्रार्थनेसाठी राहिले. विवाह अंगणात होऊ लागले आणि तेथे कोणाला काही विचारले जात नसे.