चुणचुणीची गोधडी चाकाखाली

ऐका हं, कान टवकारून ऐका.

बाभळीखाली एक बीळ. बिळात राहायची चुणचुणी उंदरीण. आणि तिचं पिल्लू, पिटू. पिटूची एक गोधडी होती. एवढीशी, तळहाताएवढी. तिला नवा कोरा लाल काठ. गोधडीशिवाय पिटू झोपतोय कसला!

आज चुणचुणीनं गोधडी धुतली. बाभळीपुढं रस्त्याकडेला उन्हात पसरून वाळत घातली. तेवढ्यात काय झालं?

घर्र घर्र घर्र! द्वारकामावशीची पिकअप आली. मागं कोथिंबिरीच्या हिरव्यागार जुड्या. गाडीला बसला गचका. धाडकन! फुस्स!

गाडी बंद. आणि चाक कुठं थांबलं? बरोब्बर गोधडीवर!

मावशीनं किल्ली फिरवली. खर्र खर्र. काही नाही. परत फिरवली. खर्र खर्र. काही नाही.

"लिंबू-मिरची कालच नवी बांधलीय," मावशी म्हणाली, "मग ही बया रुसली कशानं?"

तिनं फोन लावला. मिस्त्रीला बोलावलं.

बिळात पिटू रडायला लागला. "चूं चूं चूं! माझी गोधडी!"

चुणचुणीला काही सुचेना. घरात जाई, बाहेर येई. बाहेर येई, घरात जाई. मग निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! गेली चाकाकडं.

"चाकदादा, चाकदादा, जरा सरक ना! गोधडी निघेना, पिटू निजेना. मी काय करू?"

चाक म्हणालं, "मी नाही सरकत. इंजिन फिरेना. आधी त्याला सांग जा."

"चूं चूं चूं! माझी गोधडी!"

"आले रे, आले!" तुरुतुरु तुरुतुरु! गेली इंजिनाकडं.

"इंजिनदादा, इंजिनदादा, जरा फिर ना! चाक सरकेना, गोधडी निघेना, पिटू निजेना. मी काय करू?"

इंजिन म्हणालं, "मी नाही फिरत. माझ्या पोटात डिझेलचा थेंब नाही. पंप चालेना. आधी त्याला सांग जा."

"चूं चूं चूं! माझी गोधडी!"

"आले रे, आले!" तुरुतुरु तुरुतुरु! गेली पंपाकडं. पंप बसला होता टाकीत, डिझेलमध्ये डुंबत. चुणचुणीनं टाकीवर टकटक केलं.

"पंपदादा, पंपदादा, जरा चाल ना! इंजिन फिरेना, चाक सरकेना, गोधडी निघेना, पिटू निजेना. मी काय करू?"

पंप म्हणाला, "मी नाही चालत. डिझेल आहे रग्गड, पण वीज कुठाय? बॅटरीची वीज पोचेना. आधी तिला सांग जा."

"चूं चूं चूं! माझी गोधडी!"

"आले रे, आले!" तुरुतुरु तुरुतुरु! गेली बॅटरीकडं.

"बॅटरीआजी, बॅटरीआजी, जरा वीज दे ना! पंप चालेना, इंजिन फिरेना, चाक सरकेना, गोधडी निघेना, पिटू निजेना. मी काय करू?"

बॅटरीआजी फणकारली, "मला काय धाड भरलीय? पोट माझं विजेनं गच्च! हा बघ भोंगा. पँ पँ! हा बघ दिवा. लख्ख! पण वायर वीज नेईना. आधी तिला सांग जा."

"चूं चूं चूं! माझी गोधडी!"

"आले रे, आले!" चुणचुणीला आता धाप लागली. तुरुतुरु... तुरु... तुरु... गेली वायरीकडं.

"वायरताई, वायरताई, जरा वीज ने ना! बॅटरीची वीज पोचेना, पंप चालेना, इंजिन फिरेना, चाक सरकेना, गोधडी निघेना, पिटू निजेना. मी काय करू?"

वायर म्हणाली, "कशी नेऊ? मी तुटलेय! काल गाडी इथंच बाभळीखाली उभी होती, तेव्हा माझा लाल लाल झगा कुणीतरी कुरतडून नेला. कुट् कुट् कुट्! उरले होते एका तारेवर. गचका बसला नि तीही गेली."

चुणचुणीनं वळून गोधडीकडं पाहिलं. लाल लाल झगा? कुट् कुट् कुट्?

अगं बाई! गोधडीचा लाल काठ!

चुणचुणीच्या मिशा खाली आल्या. "वायरताई, ती मीच गं. चुकलं माझं."

"चुकलं ना? मग मिस्त्रीला सांग जा. मला तोच जोडील."

मिस्त्रीला? बाप रे! त्याच्या हातात केवढा मोठा लोखंडी पाना!

हुसेन मिस्त्री आला होता. त्यानं डिझेलची नळी काढली. फू फू फुंकली. "नळी तर साफ आहे, ताई."

"मग बघा ना पटकन, हुसेनभाऊ! कोथिंबीर माना टाकायला लागलीय. बाजार उठला म्हणजे घेणार कोण?"

"बघतोय ना, ताई. भोंगा वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली. मग घोडं अडलं कुठं?"

बिळातून आवाज आला. आता अगदी बारीक. "चूं... चूं... माझी गोधडी..."

चुणचुणी घुटमळली. पळावं की थांबावं? तिनं डोळे घट्ट मिटले. टुणुक! उडी मारली. तुटक्या वायरीला गच्च धरून बसली.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, जरा वायर जोड ना! वायर वीज नेईना, बॅटरीची वीज पोचेना, पंप चालेना, इंजिन फिरेना, चाक सरकेना, गोधडी निघेना, पिटू निजेना. मी काय करू?"

मिस्त्रीला काय ऐकू आलं? नुसतं "चूं चूं चूं!"

"हात्तिच्या! उंदीर!" मिस्त्रीनं पाना उगारला.

चुणचुणीनं मान आत ओढली. पण वायर सोडली नाही.

मिस्त्रीनं उंदरीण पाहिली. मग वायर पाहिली. पाना हळूच खाली ठेवला.

"ताई, हे बघा! वायर तुटलीय. आणि दाखवतंय कोण, तेही बघा!"

मग काय!

मिस्त्रीनं वायर जोडली. वर काळी टेप गुंडाळली. मावशीनं किल्ली फिरवली. गर् गर् गर्! वायरनं वीज नेली. बॅटरीची वीज पोचली. पंप चालला. गुंई गुंई! इंजिन फिरलं. धड धड धड! चाक सरकलं. गोधडी निघाली!

मावशी हसली. "निघाले बाई एकदाची!" घर्र घर्र घर्र! कोथिंबीर चालली बाजाराला.

मिस्त्रीनं खिशातून एक मऊ पिवळी चिंधी काढली. बाभळीखाली टाकली. "घे गं. चिंध्या कुरतड हव्या तेवढ्या. वायर नको."

चुणचुणीनं लाल काठ काढला. त्याच्या जागी पिवळा काठ लावला. गोधडी पिटूच्या अंगावर घातली.

पिटूनं हुंगून पाहिलं. "आई, माझा लाल काठ?"

"तो आपला नव्हता, बाळा. वायरताईचा होता."

"आणि हा पिवळा?"

"हा आपला. मिस्त्रीचाचानं दिलेला."

पिटूनं पिवळा काठ मुठीत धरला. डोळे मिटले. आणि पिटू निजला.

गाडी पोचली बाजाराला, गोधडी आली घराला, पिटू गेला झोपेच्या गावाला. आणि आमचं पिल्लू? ते कधी निघणार?