भट्टीकडे पाठ

फार पूर्वी उत्पलनगरावर राजा वीरसेनाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका मीठविक्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव यशोधन. गुरुगृही कधी गेले नाहीत. जे शिकले ते गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून. त्यांना असलेली माणसांची पारख बघून राजाने त्यांना नगरपालक नेमले.

त्या नगरात राजाज्ञा दवंडीनेच सांगायची चाल होती. आणि दवंडी म्हटली की नवा कर, नाहीतर वेठबिगार. म्हणून पहिली थाप पडताच कुंभारवाड्यातली माणसे गाढवे परसात लपवीत आणि दारांना अडसर लावीत. दवंडीवाला मोकळ्या गल्लीला हुकूम ऐकवून परत जाई. प्रधान दरबारात सांगे, "लोकांना कळवले आहे."

या कुंभारवाड्यात सामा नावाची म्हातारी होती. भट्टी तिच्या घरामागे, पण तीत माल साऱ्या वाड्याचा भाजला जाई. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. एके सकाळी, दवंडी नाही की शिपाई नाही, यशोधन एकटेच तिच्या ओट्यावर येऊन टेकले.

"आजी, दरबाराला काही सांगायचंय का?"

सामाच्या मनात पाल चुकचुकली. "का रे बाबा? आमच्या तोंडून काय काढून घ्यायचंय?"

"काढून न्यायला नाही, ऐकायला आलोय."

"मांजरही बिळापाशी कान देऊनच बसतं की!"

यशोधन हसले, पण उठले नाहीत. मग तिने मुद्दाम अवघड काम सांगितले. पाणवठ्याच्या पायऱ्या खचल्यात, त्या बांधून द्या. आता हा 'हो' म्हणेल आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही, असे तिने गृहीत धरले. आजवर आलेले सगळे 'हो' म्हणूनच गेले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी यशोधन पुन्हा ओट्यावर हजर. "आजी, पायऱ्या यंदा होत नाहीत. दगड सगळा तटबंदीला लागलाय. मी भांडलो, पण माझं काही चाललं नाही."

सामाचा चाकावरचा हात थांबला. 'नाही' सांगायला परत आलेला सरकारी माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तरी विश्वास काही बसेना. यामागे नक्की काहीतरी आहे, असेच तिला वाटत राहिले. बाजारात असेच होते. एखादी माळीण म्हणाली, "आज वांगी किडकी आहेत, नेऊ नका," की गिऱ्हाईक आधी डोळे बारीक करून तिच्याकडे बघते. पुढच्या खेपेला मात्र तिच्याच पाटीपुढे उभे राहते.

पावसाळा सरता सरता कुंभारवाड्याच्या वरच्या अंगाचा तलाव तुडुंब भरला आणि त्याचा बांध झिरपू लागला. प्रधानाने दवंडी पिटवली. दारे बंद झाली. "कळवले आहे," प्रधान म्हणाला. यशोधन मात्र पळतच सामाकडे आले. नेमकी तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि आत साऱ्या वाड्याची हंगामाची भांडी होती.

"आजी, बांध फुटणार. सगळ्यांना घेऊन टेकडीवर चला."

"आणि आम्ही गेलो की जागा कुणाच्या घशात? प्रधानाला इथं बाग करायचीय, हे आमच्या गाढवांनासुद्धा ठाऊक आहे."

तसे काही नाही, एवढे म्हणणे सोपे होते. दरबारातली गोष्ट बाहेर फुटली नसती आणि यशोधनांचे पदही राहिले असते.

"खरं आहे," यशोधन म्हणाले. "त्याचा डोळा आहे या जागेवर. दरबारात मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि बांध झिरपतोय, हेही डोळ्यांनी बघून आलोय."

"परत येऊ देतील आम्हाला?"

"ते माझ्या हातात नाही. भांडणं माझ्या हातात आहे, तेवढं करीन."

सामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एक जरी गोड शब्द निघाला असता, तरी तिने दार लावून घेतले असते. तो निघाला नाही. तिने पेटत्या भट्टीकडे पाठ फिरवली आणि आरोळी ठोकली, "ए, गाढवं सोडा! पोरं आधी बाहेर काढा!"

सूर्य कलण्याआधी बांध फुटला. भट्टी गेली, चाके गेली, घरे गेली. माणूस एकही गेले नाही.

पाणी ओसरताच प्रधानाचे नोकर चिखलात बागेच्या आखणीच्या खुंट्या ठोकू लागले. यशोधन सामाला घेऊन तडक दरबारात गेले.

"महाराज, याने दरबारातली गोष्ट कुंभारणीला सांगितली," प्रधान ओरडला. "ही फितुरी आहे!"

"सांगितली," यशोधन म्हणाले. "लपवली असती तर ही माणसे जागची हलली नसती, आणि आज प्रेते मोजावी लागली असती."

राजाने सामाला विचारले, "म्हातारे, प्रधानाची दवंडी तुझ्या कानांवर आली नाही?"

"आली की महाराज. म्हणून तर अडसर लावला."

राजाने खुंट्या उपटायला लावल्या आणि जागा कुंभारांना परत दिली. पण दरबारातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्याला पदावर ठेवता येणार नाही, असे म्हणून यशोधनांची नगरपालकाची मुद्रा काढून घेतली. यशोधनांनी ती शांतपणे पुढे ठेवली आणि ते आपल्या मिठाच्या दुकानी गेले.

ही आपल्या मागच्या जन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्त्यांनी भिक्षूंच्या सभेकडे पाहिले. "भिक्षूंनो, त्या वेळचा प्रधान म्हणजे 'गावात बोलून आलो' एवढेच मला येऊन सांगणारा, पण कोणी ऐकले का ते न बघणारा तुमच्यातलाच एक भिक्षू. राजा वीरसेन म्हणजे या विहाराला जागा देणारा गृहपती. सामा म्हणजे तिथे खांबाआड बसून अजूनही माझा प्रत्येक शब्द पारखून घेणारी ती उपासिका. आणि मीठविक्या यशोधन मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, आचरली."